शेजारी काय लावतोय?

बागायतदार : मॅडम, पोरीला एम.ए.साठी पुण्याला पाठवायला माझी ना नाही. फी भरीन, खोलीचं भाडं भरीन. पण परवा तिची वही चाळली. सूक्ष्म अर्थशास्त्रात एक अख्खं प्रकरण ‘गेम थिअरी’चं आहे. दोन कैदी, दोन कोठड्या. दोघंही गप्प राहिले तर थोडक्यात सुटतात. एकानेच तोंड उघडलं तर तो मोकळा आणि दुसरा अडकतो. दोघांनी उघडलं तर दोघंही लांबची सजा भोगतात. आणि खाली पोरीने लाल शाईने चौकट करून लिहिलंय, की विवेकी खेळाडू तोंड उघडतो. मी तीस वर्षं नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालतोय. फसवणारे पाहिले, फसलेले पाहिले. पण शेजाऱ्याला अडकवण्याला कुणी ‘विवेक’ म्हटलेलं ऐकलं नव्हतं. या विषयाची गोडी तिला तुम्ही लावलीत, म्हणून तुम्हालाच विचारतो. हे शिकून ती शहाणी होणार, की नुसती संशयी?

प्राध्यापिका : अण्णा, चौकटीतलं वाक्य पुस्तकात आहे. पण त्याच्या पुढचं वाक्य तिने चौकटीत घ्यायला हवं होतं. दोघांनीही आपापल्या परीने नीट विचार केला आणि तरी दोघांचंही नुकसान झालं, हे ते वाक्य. त्यात खलनायक कुणी नाही. आपल्याकडे भाव पडला की आपण आधी चोर शोधतो. व्यापारी, दलाल, सरकार, शेजारचा तालुका. कधी चोर असतोही. पण कधी कधी सगळी माणसं सरळ असतात आणि मांडणीच अशी असते की सरळ चालणारा प्रत्येक जण खड्ड्यात जातो. हे ओळखायला शिकवणं, हे या विषयाचं पहिलं काम. आणि तुमच्या मनातली शंका नवी नाही, ती या कोड्याच्या जन्मापासूनची आहे. १९५० साली अमेरिकेतल्या रँड संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या दोघांनी हा खेळ पहिल्यांदा मांडला. कैद्यांची गोष्ट त्याला नंतर अल्बर्ट टकर यांनी जोडली. तेव्हा दोन जाणत्या माणसांना हा खेळ लागोपाठ शंभर वेळा खेळायला बसवलं होतं. त्यातला एक अर्थशास्त्रज्ञ, एक गणिती. सिद्धांताप्रमाणे दोघांनी शंभरही वेळा एकमेकांना दगा द्यायला हवा होता. त्यांनी साठ डावांत एकमेकांना साथ दिली. जॉन नॅश, ज्यांच्या नावाने आम्ही समतोल शिकवतो, त्यांनी लगेच हरकत घेतली. शंभर डाव म्हणजे शंभर सुटे खेळ नव्हेत, तो एकच लांबलचक खेळ आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या एका हरकतीतून पुढचं निम्मं शास्त्र उभं राहिलं.

बागायतदार : मग पोरांना तो शंभर डावांचा किस्सा आधी का सांगत नाही? त्यात माझ्या गावाचा जीव आहे. सावड म्हणजे दुसरं काय? आज माझ्या घरची दोन माणसं तुझ्या कांद्याच्या लागणीला, उद्या तुझ्या घरची दोन माझ्याकडे. कुठे लिहून ठेवत नाही, पैसा हातात पडत नाही. जो सांगूनही आला नाही, त्याच्याकडे पुढच्या खेपेला कुणी जात नाही. इर्जिकीला बैल घेऊन आलेल्याला जेवण घालायचं आणि त्याच्या हाकेला आपले बैल न्यायचे. हे आम्हाला कुणी फळ्यावर शिकवलेलं नाही. तुम्ही आमच्या बांधावरची गोष्ट उचलून परदेशात नेलीत, तिला इंग्रजी नाव दिलंत आणि आता फी घेऊन आमच्याच पोरांना परत विकताय, असं वाटतं मला.

प्राध्यापिका : निम्मं खरं आहे. मिशिगनमधल्या रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८०च्या सुमाराला संगणकावर स्पर्धा लावली होती. तज्ज्ञांनी या वारंवार खेळासाठी डावपेच पाठवायचे आणि ते एकमेकांशी लढवायचे. जिंकला तो सगळ्यांत छोटा डावपेच. पहिल्यांदा साथ द्यायची, नंतर समोरचा जसा वागेल तसं वागायचं. मराठीत त्याला दोन शब्द पुरतात, जशास तसे. तुमच्या सावडीचा नियम तोच. पण शास्त्राने त्यात एक गोष्ट जोडली, ती बांधावर सहसा बोलली जात नाही. हा नियम चालतो तो माणसं चांगली असतात म्हणून नव्हे. उद्या पुन्हा गाठ पडणार आहे आणि त्या उद्याला वजन आहे, म्हणून चालतो. उद्याचं वजन कमी झालं की तीच माणसं, तोच बांध, आणि सावड मोडते. तुमच्या गावात ती आज किती उरलीय?

बागायतदार : उरलीय नावाला. तरणी पोरं चाकणच्या कंपन्यांत. काहींनी जमीन विकली, घेणारा पुण्या-मुंबईचा. त्याचं तारेचं कुंपण दिसतं, तो दिसत नाही. त्याच्याशी सावड कशी करणार? पण याला तुमचं शास्त्र काय करणार, ते सांगा. दुखणं सांगितलंत. आम्हालाही ते दुखतंच होतं.

प्राध्यापिका : ते मी लगेच सांगू शकत नाही. तुमच्या रोजच्या धंद्याकडे येऊ. टोमॅटो लावायचा की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?

बागायतदार : खरं सांगू? शेजारी काय लावतोय ते बघून. रोपवाटिकेत कशाचं किती बुकिंग झालंय, ते विचारून. आणि मागच्या हंगामाचा भाव आठवून. २०२३ घ्या. उन्हाळ्यात भाव असा पडला की तोडणीची मजुरी निघेना. लोकांनी उभे प्लॉट सोडून दिले. जुलैत त्याच नारायणगावात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या पुढे बोली गेली. ज्याचा तोडा नेमका तेव्हा चालू होता, त्याचं आयुष्यभराचं कर्ज फिटलं. ते बघून ज्याच्याकडे पाणी होतं, त्याने लावला. गणपतीच्या सुमाराला भाव पुन्हा पायाशी. तार, बांबू, सुतळी, मल्चिंग, ठिबक, औषधं धरली तर एकरी खर्च लाखाच्या वर जातो. लागणीपासून पहिल्या तोड्याला दोन-सव्वादोन महिने लागतात. आज भाव बघून लावलेलं दोन महिन्यांनी बाजारात येतं, आणि तेव्हा तो भाव नसतो. आमचा म्हातारा म्हणायचा, सगळे उपटतील तेव्हा लाव, सगळे लावतील तेव्हा थांब. तुमच्या प्रकरणात याहून जास्त काय आहे?

प्राध्यापिका : आधी एक कबुली देते. एका शेतकऱ्याच्या एका एकराने नारायणगावचा भाव हलत नाही. कोलार आणि मदनपल्लीचा माल किती येतो, याने तो हलतो. म्हणून बरीच पुस्तकं तुम्हाला ‘पूर्ण स्पर्धे’च्या प्रकरणात टाकतात. तिथे शेतकरी भाव घेतो, ठरवत नाही, आणि डावपेचाला जागाच नाही. मागच्या भावावर बेतून लावलेल्या पिकाचा भाव असा वर-खाली झुलतो, याला १९३४ सालीच कोळ्याच्या जाळ्याचं नाव मिळालं होतं. पण तुम्ही शेजाऱ्याकडे बघता ना, तिथे डावपेच आहे. अमेरिकेत सांता फे गावात एल फारोल नावाचा बार आहे. ब्रायन आर्थर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ साली त्यावर एक कोडं घातलं. गावात शंभर माणसं आहेत. साठाहून कमी गेली तर मजा येते, जास्त गेली तर गर्दीत जीव नको होतो. जायचं की नाही, हे प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता ठरवायचं. आता समजा गर्दीचा अंदाज बांधायचा एक पक्का नियम सापडला आणि तो सगळ्यांना कळला. आज गर्दी नाही असं तो म्हणाला की सगळे जातील, आणि तो खोटा ठरेल. गर्दी आहे म्हणाला की कुणीच जाणार नाही, आणि तरीही तो खोटाच ठरेल. तुमच्या वडिलांचा नियम सोन्यासारखा होता, कारण तो फार थोडे पाळत होते. उद्या तो प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, कृषी विज्ञान केंद्राच्या फलकावर लागला, तर सगळे उपटतील तेव्हा सगळेच लावतील. सगळ्यांनी पाळूनही टिकेल, असा एक सल्ला या खेळात नाही. म्हाताऱ्यांच्या अनुभवातून हे कळत नाही, अण्णा. त्यासाठी कागदावर मांडूनच बघावं लागतं.

बागायतदार : म्हणजे पोरगी दोन वर्षं शिकून येऊन मला सांगणार, की बाबा, सांगण्यासारखं काही नाही?

प्राध्यापिका : ती सांगेल की एकच भविष्य सगळ्यांना विकणाऱ्यापासून सावध राहा. चार एकर एका तारखेला लावू नका, टप्प्याने लावा. आणि भावाच्या अंदाजापेक्षा लागणीचे खरे आकडे मागा. तालुक्यात या आठवड्यात किती रोपं गेली, हे रोपवाटिकांना माहीत असतं. ते रोजच्या रोज सगळ्यांसमोर आलं, तर काही जण तरी आपणहून मागे सरतील. थोडंच आहे हे, मान्य. पण खोटं नाही.

बागायतदार : बरं. आता मला जिथे खरं ठसठसतं तिथे चला. आम्ही हजारो, आणि घेणारे मोजके. कांद्याचा लिलाव बघा, आळेफाट्याला बघा, ओतूरला बघा, मंचरला बघा. गोणी ओतून माल दाखवायचा, भोवती व्यापारी उभे, दहा किलोचा भाव बोलायचा. एका बाजारात, नाव घेत नाही, मी एक गोष्ट वर्षानुवर्षं पाहिली. पहिला बोलतो, दुसरा दोन रुपये चढवतो, तिसरा दुसरीकडे बघतो. पुढच्या वक्कलीला तिसऱ्याची पाळी. भांडण नाही, चढाओढ नाही, आवाजही चढत नाही. कुणी कुणाला फोन केला असेल असंही नाही. हे तुमच्या वहीत बसतं का?

प्राध्यापिका : बसतं, आणि इथे तुमची सावड आठवा. सावड कशावर चालते म्हणाला होतात? रोज गाठ पडते, कोण आलं नाही ते सगळ्यांना दिसतं, आणि न येणाऱ्याला पुढच्या वेळी शिक्षा होते. तो लिलावही याच तीन गोष्टींवर चालतो. तेच व्यापारी रोज भेटतात. बोली उघड असते, म्हणून ठरलेल्यापेक्षा कोण वर गेला, ते त्याच क्षणी दिसतं. आणि वर जाणाऱ्याच्या ढिगावर उद्या बाकीचे बोली चढवून त्याला धडा देऊ शकतात. कागदावर सही नको, फोनही नको. जी गोष्ट बांधावर माणुसकी म्हणून दिसते, तीच लिलावाच्या ओट्यावर साखळी म्हणून दिसते. शास्त्रासाठी ती दोन्हीकडे एकच.

बागायतदार : मग तोड काय? आजोबांच्या वेळी रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव करायचे. आत काय ठरलं ते शेतकऱ्याला कळायचं नाही. ते बंद करून उघडी बोली आणण्यासाठी किती खटपट झाली. बाजार समितीचा १९६३चा कायदा आला, उघड लिलाव हा आमचा हक्क झाला. आता तुम्ही म्हणताय, की उघडेपणानेच साखळीला मदत होते?

प्राध्यापिका : होऊ शकते, असं म्हणतेय. लिलावाचा सिद्धांत विल्यम विक्री यांच्या १९६१च्या लेखापासून सुरू होतो, आणि २०२०चं अर्थशास्त्राचं नोबेल पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना लिलावांसाठीच मिळालं. त्या सगळ्या अभ्यासातून एक गोष्ट घट्ट हाताशी लागते. साखळी तोडायची तर तोडणाऱ्याला लपायला जागा हवी. बंद पाकिटात बोली घेतली, तर ज्याला जास्त भाव द्यायचाय तो गुपचूप देऊन माल नेईल, आणि इतरांना कळेपर्यंत गाडी भरलेली असेल. रुमालाखालचा सौदाही गुप्त होता, पण ते गुपित चुकीच्या माणसापासून ठेवलेलं होतं. शेतकऱ्यापासून. बोली व्यापाऱ्यांनी एकमेकांपासून लपवावी आणि निकाल मात्र शेतकऱ्यापुढे उघडा व्हावा. २०१६ साली सुरू झालेल्या ई-नाममध्ये संगणकावरून बोली लावायची सोय आहे, तिच्यामागे हा विचारही आहे.

बागायतदार : संगणक कांदा हातात घेऊन दाबून बघत नाही, मॅडम. मालाची प्रत ठरवायला माणूस लागतो. पाकीट बंद, पण पाकीट उघडणारा कोण? उघड्या बोलीत निदान माझे डोळे तरी जागेवर असतात. तुम्ही साखळी तोडायला मला अंधारात उभं करताय.

(इथे मला बागायतदाराची बाजू जड वाटते. बंद बोलीचं गणित बरोबर आहे, पण ते पाकीट उघडणाऱ्यावरचा विश्वास गृहीत धरतं. आणि त्या विश्वासाचाच तर प्रश्न आहे. – लेखक)

प्राध्यापिका : तुमची हरकत मी खोडू शकत नाही. एवढंच म्हणते, की आता आपण ‘व्यापारी चोर’ इथून निघून ‘कुणाला काय कधी दिसावं’ इथवर आलो. या प्रश्नाला हात घालता येतो.

बागायतदार : हात घालणार कोण? ते दहा आहेत, आम्ही दहा हजार. त्यांना उद्या तिथे यायचंच आहे. माझा कांदा आठ दिवसांत संपतो, पुढे वर्षभर माझा त्या ओट्याशी संबंध नाही. उद्याचं वजन त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

प्राध्यापिका : हे तुम्ही मॅन्कर ओल्सन यांच्या १९६५च्या पुस्तकाचं सार सांगितलंत. मोजक्या लोकांना एकत्र येणं सोपं जातं. मोठ्या समूहात प्रत्येकाला वाटतं, मी नाही गेलो तरी काम होईल. म्हणून नुसतं ‘एकजूट करा’ म्हणून एकजूट होत नाही, सभासदाला बांधून ठेवणारं काहीतरी लागतं. आपल्याकडे ते उसात जमलं. निवृत्तीनगरचा विघ्नहर, पारगावचा भीमाशंकर, या कारखान्यांमागे जी परंपरा आहे ती प्रवरेपासूनची. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला कारखाना उभा केला, तेव्हा त्याचं अध्यक्षपद पुण्याच्या गोखले संस्थेतल्या धनंजयराव गाडगीळांनी सांभाळलं होतं. विद्यापीठाच्या दर्जाचा अर्थशास्त्रज्ञ ऊसवाल्यांच्या सभेत बसून हिशेब मांडत होता. ऊस तोडल्यावर लगेच गाळावा लागतो आणि जवळच गाळावा लागतो. त्यामुळे कारखाना आणि सभासद एकमेकांना बांधले गेले. टोमॅटोला अशी गाठ नाही. तो कुठल्याही गाडीत बसून कुठेही जातो.

बागायतदार : आणि कांद्याला सरकार आहे. ते तुमच्या तक्त्यात कुठल्या बाजूला बसतं? २०२३च्या १९ ऑगस्टला निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क. ८ डिसेंबरला थेट बंदी, ३१ मार्चपर्यंत म्हणून. मार्च आला, तर मुदत वाढवली. ४ मेला उठवली, पण शुल्क तसंच. ते पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ला. मी चाळीत कांदा भरला तो कुठल्या नियमाने आणि विकला कुठल्या नियमाने? खेळ चालू असताना पट बदलणाऱ्यासमोर कसला डावपेच?

प्राध्यापिका : त्यालाही नाव आहे, आणि २००४चं नोबेल त्यावर आहे. किडलँड आणि प्रेस्कॉट यांनी १९७७ साली दाखवलं, की आज दिलेला शब्द उद्या मोडणं सरकारच्या सोयीचं असेल, तर त्या शब्दावर आजच कुणी विश्वास ठेवत नाही आणि शेवटी सगळ्यांचंच नुकसान होतं. कांद्याच्या बाबतीत ते नुकसान चाळीत सडताना दिसतं. यावर माझ्याकडे यापेक्षा जास्त नाही.

बागायतदार : आता मी माझ्या पहिल्या प्रश्नाकडे परत येतो, कारण तो तुम्ही हुशारीने बाजूला ठेवलात. हे शिकणाऱ्या माणसाचं काय होतं? तुम्ही मला पिकाच्या भावाचं सांगितलं, लिलावाचं सांगितलं. पण रोज सकाळी ‘समोरचा स्वतःचंच बघणार’ असं गृहीत धरून उदाहरणं सोडवणारी पोरगी घरी आल्यावर भावाशी कशी वागेल?

प्राध्यापिका : टाळत नाही. १९८१ साली विस्कॉन्सिनच्या मारवेल आणि एम्स यांनी प्रयोग केला. प्रत्येकाला काही रक्कम द्यायची. ती स्वतःकडे ठेवावी किंवा सगळ्यांच्या कामी येईल अशा खात्यात टाकावी. इतर लोकांनी सरासरी ४९ टक्के सामाईक खात्यात टाकले. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी टाकले २० टक्के. १९९३ साली कॉर्नेलच्या फ्रँक, गिलोविच आणि रीगन यांनी हा प्रश्न पुन्हा छेडला. शिकून माणसं तशी होतात, की तशीच माणसं हा विषय घेतात, यावर वाद अजून चालू आहे. मी वीस वर्षं हे शिकवतेय आणि हा वाद मला झोपू देत नाही. आमची परीक्षा तक्त्यातला समतोलाचा चौकोन शोधायला सांगते. हा तक्ता कुणी आखला, त्यात कुणाला घेतलं नाही, हे ती कधीच विचारत नाही. ती चूक माझी आहे, विषयाची नाही, असं मी स्वतःला सांगते. ते पुरेसं आहे का, माहीत नाही.

पण मला आता तुम्हाला दोन प्रश्न विचारू द्या, राग न धरता. तुमच्या टोमॅटोच्या तोडणीला माणसं कुठून येतात?

बागायतदार : पश्चिमेकडून. डोंगरातली. आपल्याच जुन्नर-आंबेगावची, आदिवासी पट्ट्यातली. सकाळी अड्ड्यावर उभी असतात, पिकअप नेऊन आणतो.

प्राध्यापिका : आणि रोज किती द्यायचा, हे कसं ठरतं?

बागायतदार : ते ठरलेलंच असतं. गावात एक आकडा चालतो.

प्राध्यापिका : कुणी त्याहून जास्त दिला तर?

बागायतदार : ... त्याला बाकीचे बोलतात. रेट बिघडवतो म्हणून.

प्राध्यापिका : म्हणजे मोजके घेणारे, पुष्कळ विकणारे. रोज सकाळी तीच माणसं तिथेच भेटतात. जास्त देणारा लगेच दिसतो आणि त्याला शिक्षा होते. अण्णा, लिलावाच्या ओट्यावर तुम्ही ढिगाच्या बाजूला उभे असता. अड्ड्यावर तुम्ही त्या तिसऱ्या व्यापाऱ्याच्या जागी उभे असता.

दुसरा प्रश्न पाण्याचा. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे. पाणी खाली पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जायचं असतं. आपण उशाला, ते पायथ्याला. एलिनॉर ऑस्ट्रॉम, ज्यांना २००९चं नोबेल मिळालं, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या शेतकऱ्यांच्या पाटांचा अभ्यास केला. जिथे दगडमातीचे कच्चे बंधारे होते, तिथे दरवर्षी डागडुजीला शेपटाच्या लोकांचे हात लागायचे, म्हणून उशाचे लोक त्यांना पाणी सोडायचे. सरकारने पक्के काँक्रीटचे बंधारे बांधून दिले, डागडुजी संपली, आणि बऱ्याच ठिकाणी शेपटाचं पाणीही आटलं. बांधकाम चांगलं झालं आणि गरज संपली. आपल्या डोंगरात पडकई होती, अजून काही ठिकाणी आहे. सगळी वस्ती मिळून आज एकाच्या उतारावर भाताचं खाचर बांधते, उद्या दुसऱ्याच्या. तिथे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात लागतात. करमाळ्याच्या माणसाचा हात आपल्याला कशासाठी लागतो?

बागायतदार : मजुरीचं म्हणाल तर भाव पडल्यावर मी तरी कुठून देणार? ही सबब नव्हे, हिशेब आहे.

प्राध्यापिका : हिशेब आहेच. आणि व्यापाऱ्याकडेही असाच हिशेब असतो. वाटेतली सड, दिल्लीचा पडलेला भाव, अडकलेली उधारी. तुम्ही दुष्ट नाही, तोही नसेल. मी हा विषय शिकवते त्याचं कारण मला एवढंच देता येतं, की तो माणसाला पटाच्या प्रत्येक बाजूला बसवून बघतो. स्वतःच्या बाजूचा अन्याय दिसायला शिक्षण लागत नाही. समोरच्या बाजूला बसलेले आपणच आहोत, हे दिसायला लागतं.

बागायतदार : आणि दिसल्यावर? समजा पोरीला दिसलं. अड्ड्यावर आपण काय करतो ते तिने तक्त्यात मांडलं, समतोलाचा चौकोन शोधला, पहिला वर्ग मिळवला. त्यानंतर ती जास्त रोज देईल, की रोज कसा दाबून ठेवायचा हे माझ्याहून बारकाईने करेल? तुमच्या त्या विस्कॉन्सिनच्या पोरांनाही सगळं दिसतच होतं. दिसणं वेगळं आणि वागणं वेगळं. आम्ही अडाणीपणाने करतो ते ती शिकून करणार असेल, तर माझं नुकसान कमी होईल, पण डोंगरातल्या बाईचं वाढेल.

प्राध्यापिका : याची हमी मी देऊ शकत नाही. कुठलंही विद्यापीठ देऊ शकत नाही. हे ज्ञान कुणाच्या हातात जातं यावर सगळं आहे. आजवर ते बहुतेक मोजक्यांच्या हातात गेलं. मोठ्या कंपन्यांत, लिलाव रचणाऱ्यांत, सल्ला विकणाऱ्यांत. तुमची मुलगी ते घेऊन जुन्नरला परत आली, तर निदान बाजाराच्या दुसऱ्या बाजूलाही ते असेल. आणि डोंगरातल्या एखाद्या मुलीने ते शिकलं, तर अड्ड्याच्याही दुसऱ्या बाजूला असेल. तेव्हा तुम्हाला ते आवडेल का, हे मात्र तुमचं तुम्ही ठरवा.

बागायतदार : आवडणार नाही. पण ती शिकू नये, असंही म्हणवत नाही.

फी मी भरतो. पोरीला प्रबंधाला विषय लागेल, तेव्हा सांगा, दिल्ली-अमेरिकेचे आकडे नकोत. माझ्याकडे तीस वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या आहेत, तारखेसकट. कुणी काय भावाने घेतलं, सगळं आहे. त्या तिला देतो. मजुरांना दिलेल्या रोजाच्याही वह्या आहेत, तितक्याच वर्षांच्या. त्याही देतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला सांगा. आणि जे निघेल ते पुण्यात वाचून दाखवायच्या आधी एकदा नारायणगावच्या बाजारात वाचायला सांगा आणि एकदा अड्ड्यावर. तिथली माणसं काय म्हणतात तेही लिहून घेऊ द्या, आणि मग मार्क द्या.